मागाच्या खड्ड्यावरचा कॉम्प्युटर

तांडापेठेत कोणाच्या घरी काय आलं, हे त्या घरच्यांच्या आधी नत्थूजीला कळतं. गिरणीतून रिटायर झाल्यापासून त्याला दुसरं काम नाही, आणि हे काम तो पगार मिळत असल्यासारखा मन लावून करतो. त्यामुळे अठ्ठ्याऐंशी सालच्या श्रावणात कृष्णकांत धापोडकर वाडीहून ठेल्यावर ताडपत्री झाकून काहीतरी घेऊन गल्लीत शिरला, तेव्हा नत्थूजी आधीच आपल्या ओट्यावर येऊन बसला होता.

"फ्रिज आणला का गा?"

"नाही. कॉम्प्युटर."

नत्थूजीने उठून ताडपत्रीचं टोक वर केलं, आत पाहिलं आणि नाकाला धोतर लावलं. "जुना दिसून राहिला."

"जुनाच आहे."

"मंग नवा काहून नाही आणला?"

या प्रश्नाला जगात उत्तर नाही. कृष्णकांतने ठेल्याला हात लावला आणि दार उघडायला सांगितलं.

आता हा कॉम्प्युटर कुठला, ते सांगितलं पाहिजे. कृष्णकांत वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात बिल्टी क्लार्क, म्हणजे मालाच्या पावत्या लिहिणारा, होता. सहा वर्षांपूर्वी मालकाने हे यंत्र आणलं, तेव्हा त्याच्यासाठी काचेची खोली बांधली, खोलीला एसी बसवला आणि दारावर 'चपला बाहेर काढा' अशी पाटी लावली. मालकाच्या स्वतःच्या केबिनला एसी नव्हता. मे महिन्यात हमाल त्या काचेला गाल लावून उभे राहत. आत जायची मुभा एकट्या ऑपरेटरला. कृष्णकांतने सहा वर्षं काचेतल्या फटीतून बिल्ट्या आत सरकवल्या आणि सहा वर्षं त्याच फटीतून परत घेतल्या. एकदा पडलेली बिल्टी उचलायला त्याने एक पाऊल आत टाकलं, तर ऑपरेटर "धूळ, धूळ" म्हणून असा ओरडला की सगळं गोदाम वळून पाहू लागलं. क्लार्क माणसाचा अपमान बाहेरून दिसत नाही, पण आत तो तारीख घालून फाईलला लावलेला असतो. पुढे नवा कॉम्प्युटर आला, जुना खताच्या पोत्यांच्या शेजारी जाऊन बसला, आणि मालक म्हणाला, "ज्याले पाहिजे त्यानं उचलून न्या, जागा खाऊन राहिला." कृष्णकांतचा हात सगळ्यांत आधी वर गेला. दुसऱ्या कोणाचा गेलाच नाही, ही गोष्ट वेगळी.

घरात मोठी खोली एकच, समोरची. आणि त्या खोलीत आईचा माग. वच्छलाबाई पासष्टीच्या, गुडघे कुरकुरणाऱ्या, पण अजून वर्षाकाठी दोन-तीन रेशीमकाठी लुगडी विणणाऱ्या. माग खड्ड्याचा. म्हणजे जमिनीत कमरेइतका खड्डा, विणणाऱ्याने काठावर बसायचं, पाय आत सोडून पावड्या दाबायच्या.

वच्छलाबाईंनी ठेल्यावरची दोन खोकी पाहिली आणि मग मुलाकडे पाहिलं.

"किती दिवस?"

"दसऱ्यापर्यंत आई. तोवर चालू करून दाखवतो."

"अन् नाही झाला तर?"

"कबाड्याले देऊन टाकीन."

"अन् झाला तर मी माग उमरेडच्या रुपरावले देऊन टाकते. एका खोलीत दोघं मावत नाहीत. पण दसऱ्याच्या वर एक दिवस मागायचा नाही. बाबनरावले बोलाव, तो पाहीन."

बाबनराव विणकर सोसायटीचे अध्यक्ष. गल्लीत सासू-सुनेपासून नळाच्या पाण्यापर्यंत कशाचाही निवाडा तेच करत. आईने एवढ्या शांतपणे माग पणाला लावलेला पाहून कृष्णकांतला बोललेलं परत घ्यावंसं वाटलं. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि नत्थूजीने तो खिडकीतून ऐकलाही होता.

माग वच्छलाबाईंनी स्वतः उतरवला. फणी मात्र त्यांनी दुसऱ्या कोणाला धरू दिली नाही, कारण फणीत मागच्या लुगड्याच्या धाग्यांची हातभर टोकं तशीच होती. लुगडं कापून उतरवलं तरी कोष्टी फणी रिकामी करत नाही. नव्या ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांतला, एकेक धागा जुन्या एकेका टोकाला बोटाने पीळ देऊन सांधायचा, की नवा ताणा आपसूक फणीतून ओढला जातो. टोकं काढून टाकली तर सगळे धागे पुन्हा पहिल्यापासून फणीच्या दातांतून ओवावे लागतात आणि कपाळाला हात लावून बसावं लागतं. लहानपणी कृष्णकांतला त्यांनी सांधायला बसवलं होतं. त्याचा दर तिसरा धागा तुटे. आठ दिवस पाहून त्या म्हणाल्या, "तू आपला शाळेतच जा." तो शाळेत गेला, क्लार्क झाला, सगळ्यांना बरं वाटलं. त्याला मात्र कायम वाटत राहिलं की आपल्या हाताने आजवर एकही गोष्ट उभी राहिलेली नाही. आईने फणी जुन्या पातळात गुंडाळून खाटेच्या उशाशी ठेवली, तेव्हा त्याने दुसरीकडे पाहिलं.

टेबल घरात नव्हतं. खड्डा मात्र होता. म्हणून कृष्णकांतने काठावर पाट टाकला, पाटावर कॉम्प्युटर ठेवला आणि स्वतः पाय खड्ड्यात सोडून बसला. चार पिढ्या धापोडकर ज्या जागी बसून विणत आले, त्या जागी पाचवा कळफलक बडवू लागला.

यंत्र चालू होत होतं, पण कोणाच्या तालावर, हा प्रश्न होता. त्याचा मित्र रविंद्र एका तंत्रनिकेतनात शिकवायचा. त्याने येऊन पाहिलं आणि समजावलं. कॉम्प्युटरला जाग आली की पडदा कुठे, कळा कुठे, काम कोणतं आधी, हे सांगणारी एक सिस्टिम लागते. ती फ्लॉपीवर असते. या यंत्राची सिस्टिम कंपनीची, आतून कुलूप घातलेली. त्यात काय लिहिलंय ते पाहायचं नाही, बदलायचं नाही, कोणाला द्यायचं नाही. आणि ती कंपनी तर कधीच बुडाली. दुसऱ्याच्या कुलपावर यंत्र चालवून दाखवणं हे कृष्णकांतला चालू करणंच वाटेना.

"मंग?" कृष्णकांतने विचारलं.

रविंद्रने पिशवीतून झेरॉक्सचा गठ्ठा काढला. एकशे बारा पानं. परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठातल्या लोकांनी आपली सिस्टिम अक्षर न् अक्षर उघडी छापली होती. पहिल्याच पानावर लिहिलं होतं: उतरवून घ्या, दुरुस्त करा, आणि जो मागेल त्याला प्रत द्या, नाही म्हणू नका.

"फुकट?" खिडकीतून आवाज आला. नत्थूजीचा.

"फुकट," रविंद्र म्हणाला.

"मंग मलेही एक पाहिजे."

"नत्थूजी, तुमच्याजवळ कॉम्प्युटर आहे का?" कृष्णकांतने विचारलं.

"नाही. पण यानं आता काय वाचलं? मागेल त्याले. मी मागून राहिलो."

कायद्याचं बोट त्याने नेमकं धरलं होतं. कॉम्प्युटरबरोबर आलेल्या सहा फ्लॉप्यांपैकी चारांना बुरशी चढलेली. एकीवर जुनी सिस्टिम, दुसरी कामाला. तिसरी रविंद्रने कुठल्याशा कपाटामागून शोधून आणलेली, अडीनडीला. नत्थूजी रोज सकाळी "झाली का माझी कापी" म्हणून विचारू लागला. पाण्याच्या रांगेत विचारू लागला. शेवटी दुकानात चार माणसांत म्हणाला, "धापोडकराचा पोरगा सरकारी कागद वाचून शब्द फिरवते." कागद सरकारी नव्हता, पण कृष्णकांतला ते सहन झालं नाही. नवी सिस्टिम अजून पुरी टाईपही झाली नव्हती. म्हणून त्याने तावातावाने जुन्या फ्लॉपीची जशीच्या तशी नक्कल तिसऱ्या फ्लॉपीवर उतरवली, नत्थूजीच्या हातात ठेवली आणि वर, "घ्या, आता झोप येईल ना," असंही म्हणाला. नत्थूजीने ती दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली.

टाईप करण्याचं काम त्याच्या बायकोशिवाय, सत्यवतीशिवाय, झालंच नसतं. ती दहावीपर्यंत इंग्रजी शिकलेली, आवाज खणखणीत. ती भाजी निवडत एकेक चिन्ह वाचायची, कृष्णकांत खड्ड्यात पाय हलवत दोन बोटांनी टाईप करायचा. "कंस उघडा. एक्स. कंस बंद. अर्धविराम. पुन्हा कंस उघडा." रोज ऑफिसच्या आधी दोन तास, आल्यावर दोन तास. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना आधी वाटलं पोथी लावली आहे. दोघी-तिघी हात जोडून दारात बसायच्या, आणि कंसाला इतक्यांदा उघडून बंद करताहेत तर वध कोणत्या अध्यायात आहे, असं एकीने विचारलंही. लाईट गेली की त्या दिवशीचं सगळं टाईपलेलं पुसलं जाई. श्रावण-भाद्रपदात तांडापेठेची लाईट किती वेळा जाते हे कृष्णकांतइतकं वीज कार्यालयालाही माहीत नसेल.

वीज कार्यालय म्हटल्यावर गोतमारे साहेब आलेच. विश्वनाथ गोतमारे हे तपासनीस. कोष्ट्यांच्या घरात मागाच्या खोलीतून सकाळ-संध्याकाळ घरघर ऐकू येते, म्हणजे घरगुती मीटरवर पॉवरलूम लावला, असा त्यांचा सरळ हिशेब. कोणीतरी त्यांना कळवलंही होतं. कोणी, ते कृष्णकांतने विचारलं नाही आणि नत्थूजीनेही त्या दिवशी ओट्यावर येणं टाळलं.

गोतमारे साहेब तडक आत आले, "किती माग आहेत?" असं दरडावून विचारलं आणि पुढचं पाऊल थेट खड्ड्यात टाकलं. कमरेपर्यंत आत गेलेला सरकारी अधिकारी फार वेगळा दिसतो. कृष्णकांतने त्यांना वर यायला हात दिला, सत्यवतीने पाणी दिलं, वच्छलाबाईंनी गुडघ्याला हळद लावायला दिली. पण फॉर्म भरणं भाग होतं. फॉर्ममध्ये यंत्राचे प्रकार तीन: पॉवरलूम, पिठाची गिरणी, इतर. 'इतर' समोर उत्पादनाचं नाव लिहायचं.

"हे काय बनवते?" साहेबांनी विचारलं.

"अजून काही नाही."

"मंग चालू काहून आहे?"

कृष्णकांतने सिस्टिम म्हणजे काय ते पाऊण तास समजावलं. साहेबांनी शेवटी लिहिलं, 'इतर. उत्पादन: निरंक. सबब घरगुती.' आणि सही केली. सहा आठवड्यांच्या मेहनतीवर सरकारी शिक्का बसला, आणि तो निरंक बसला.

एकशे बारावं पान नवमीच्या दुपारी संपलं. कामाच्या फ्लॉपीवर नवी सिस्टिम तयार होऊन बसली. आता तिला स्वतःच्या पायावर चालण्यासाठी एका वेगळ्या फ्लॉपीवर नीट बसवायची होती, की उद्या सकाळी तिच्यावरूनच यंत्र जागं होईल. वेगळी फ्लॉपी म्हणजे जुन्या सिस्टिमचीच, दुसरी होती कुठे? रविंद्रने चिठ्ठीवर लाल रेघ ओढून लिहून ठेवलं होतं, 'आधी दुसरी फ्लॉपी मिळव, मग बसव. घाई नको. मी काटोलला सासुरवाडीला आहे.'

पण ती खंडेनवमी होती. सगळ्या गल्लीत हत्यारं धुणं-पुसणं चाललं होतं. सुताराच्या करवती घासल्या जात होत्या. ओट्यावर वच्छलाबाई मागाच्या धोट्याला तेल लावत होत्या. उद्या पूजेला ठेवायची ती वस्तू स्वच्छ पाहिजे, मळकी चालत नाही, हे कृष्णकांतच्या रक्तात होतं. बुडालेल्या कंपनीची कुलूपबंद सिस्टिम एका बाजूला ठेवून त्याच फ्लॉपीवर आपली बसवायची, हे त्याला उष्ट्या ताटात जेवल्यासारखं वाटलं. आधी ताट घासलं पाहिजे. त्याने फ्लॉपी साफ करायची आज्ञा दिली. यंत्राने विचारलं, नक्की? कृष्णकांत म्हणाला, नक्की. यंत्राने खर्र खर्र करून सगळं पुसलं. आता नवी बसवायची आज्ञा द्यायची, तेवढ्यात लाईट गेली.

अर्ध्या तासाने लाईट आली. यंत्र सुरू केलं तर ते जागं व्हायला फ्लॉपी मागू लागलं. जुनी कोरी झालेली. नवी बसलेली नाही. जुनीवरून यंत्र उठल्याशिवाय नवी बसत नाही, आणि जुनी आपण आपल्या हाताने घासून लखलखीत केलेली. कृष्णकांत खड्ड्यात पाय सोडून तसाच बसून राहिला. सत्यवतीने जेवायला हाक मारली, तर भूक नाही म्हणाला. तिला कळलं, पण तिने आईला सांगितलं नाही.

दसऱ्याला सकाळी बाबनराव फेटा बांधून, सोसायटीचे चार सभासद घेऊन आले. कॉम्प्युटरला झेंडूचा हार घालून झाला. पाटावर वच्छलाबाईंचा धोटा आणि कात्री मांडली होती, फणीही पातळातून काढून ठेवली होती. "चालू कर गा," बाबनराव म्हणाले.

कृष्णकांतने सगळं सांगून टाकलं. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सभासदांना एक शब्द कळला नाही, ते बाबनरावांकडे पाहू लागले. बाबनराव छताकडे. कळलं एकट्या वच्छलाबाईंना.

"टोकं कापली तू," त्या म्हणाल्या.

"हो."

"नवा सांधायच्या आधी?"

"हो आई."

"कोष्ट्याच्या पोटचा ना रे तू?"

त्या रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी फणीवरच्या टोकांवरून हात फिरवला. "सगळ्या जगात ती एकच फणी होती का?" त्यांनी विचारलं. "दुसऱ्या कोणाच्या मागावर हेच टोक नाही का?"

सत्यवतीने एकदम कपाळावर हात मारला. "नत्थूजी."

कृष्णकांत अनवाणीच धावला. नत्थूजीच्या देवघरात करवत, विळा आणि गिरणीतला जुना पाना यांच्या मधोमध त्याची फ्लॉपी उभी होती. वर हळदीची पाच बोटं, कुंकू, अक्षता आणि झेंडू. स्वतः नत्थूजी समोर बसलेला.

"नत्थूजी, तेवढी फ्लॉपी द्या."

"पूजेतलं हत्यार दिवस मावळल्याशिवाय उचलत नाही."

"ते हत्यार नाही."

"तुझ्यासाठी नसन," नत्थूजी म्हणाला, "माझ्याजवळ तेवढंच नवं आहे."

झोप येईल ना, असं आपण याच माणसाला म्हणालो होतो, हे कृष्णकांतला आठवलं आणि लाज वाटली. तो परत आला आणि संध्याकाळपर्यंत थांबावं लागेल म्हणाला. बाबनरावांनी निवाडा दिला की दसरा म्हणजे दिवस मावळेपर्यंत दसराच, मुदत संपलेली नाही. मग ते पुरणपोळी जेवले, खाटेवर आडवे झाले आणि चारही सभासद ओट्यावर घोरले.

दिवस मावळला, लोक सीमोल्लंघन करून परतले आणि घरोघर सोनं द्यायला निघाले. नत्थूजी पांढरी टोपी घालून दारात आला. त्याच्या हातात आपट्याची पानं होती आणि पानांखाली फ्लॉपी.

"सोनं घे," तो म्हणाला.

कृष्णकांतने वाकून त्याच्या पाया पडून घेतलं.

फ्लॉपीच्या मधल्या भोकात कुंकू गेलं होतं. सत्यवतीने फुंकर घातली आणि पदराच्या टोकाने कड टिपून काढली. फ्लॉपी खाचेत गेली. यंत्र खरखरलं, थांबलं, पुन्हा खरखरलं, आणि जुनी सिस्टिम उठली. कृष्णकांतने दोन बोटांनी, एकेक अक्षर सत्यवतीकडून तपासून घेत, कोऱ्या फ्लॉपीवर नवी सिस्टिम बसवली. मग यंत्र बंद केलं. नव्या फ्लॉपीवरून सुरू केलं.

पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात एक बारीक आडवी रेघ आली आणि लुकलुकू लागली.

कृष्णकांतच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबनरावांनी चष्मा लावून पाहिलं, काढून पुसला, पुन्हा पाहिलं.

"मंग?"

"चालू झाला."

"ते दिसून राहिलं. पण हा करते काय?"

"आता काही नाही. आता तो तयार आहे."

सभासद एकमेकांकडे पाहू लागले. दोन महिने कंस उघडून बंद केले, तपासनीस खड्ड्यात पाडला, अख्खा दसरा बसवून ठेवलं, ते या रेघेसाठी? बाबनराव निवाडा द्यायला घसा साफ करू लागले, आणि तो काय असणार हे सगळ्यांना दिसत होतं.

"बाबनराव," वच्छलाबाई म्हणाल्या, "तुमचे हातही मागावरच गेले ना? ताणा भरला त्याच दिवशी लुगडं मागता का गा तुम्ही?"

बाबनराव थांबले. रेघेकडे पाहिलं. मग खड्ड्याकडे.

"म्हणजे हा ताणा भरला?"

"भरला. विणायचं काय ते पुढं."

"असं सांगा ना मंग," बाबनराव म्हणाले, आणि कृष्णकांतच्या हातात आपट्याचं पान ठेवून निकाल त्याच्या बाजूने दिला. सभासदांनी माना हलवल्या. यंत्राचं त्यांना अजूनही काही कळलं नव्हतं, पण ताणा त्यांना कळत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वच्छलाबाई मागाची लाकडं मोजून दोरीने बांधू लागल्या. उमरेडच्या गाडीत टाकायची होती. शब्द म्हणजे शब्द. कृष्णकांतने पाहिलं, पाटावरून कॉम्प्युटर उचलला, तांदळाच्या पेटीवर नेऊन ठेवला आणि आईच्या हातातून दोरी काढून घेतली.

"हे काय करून राहिला?"

"माग लावतो."

"जिंकला ना तू?"

"जिंकलो. तो पेटीवरही चालते. त्याले खड्डा नाही लागत."

वच्छलाबाईंनी फणी आणून त्याच्या मांडीवर ठेवली. "हात धुऊन ये," त्या म्हणाल्या. "अडीच हजार टोकं सांधायची आहेत, माझ्या एकटीच्यानं आता होत नाही."

कृष्णकांत हात धुऊन काठावर बसला आणि पाय आत सोडले. पहिला धागा सांधला. दुसरा सांधला. तिसरा तुटला. आईने तुटलेलं टोक उचलून पुन्हा त्याच्या बोटांत दिलं.

"कृष्णकांत," खिडकीतून नत्थूजीचा आवाज आला, "माझी कापी परत कधी देतो? अन् आता नव्या सिस्टिमची दे बरं, जुनी नको."

"देतो," कृष्णकांत म्हणाला. "एवढा धागा होऊ द्या."